जुन्या डेस्कटॉपवर ६.१२ कर्नल : पोळा ते संक्रांत

गावातल्या अभ्यासिकेत सहा डेस्कटॉप आहेत. सगळे जुने आय-थ्री, ४ जीबी रॅम, साधी हार्डडिस्क. त्यांवर लिनक्सचा डेबियन हा प्रकार आहे. डेबियन १२ वर ६.१ कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, होता. पोळ्यानंतर डेबियन १३ चढवलं, त्यासोबत ६.१२ आला. मशीन पळायला लागतं का? फारसं नाही. हार्डडिस्कच्या जागी एसएसडी टाकल्यावर जो फरक पडतो, तो कोणत्याच कर्नलने पडत नाही. खरा फायदा झाला वायफायचा.

चार मशीनला रिअलटेकच्या ८८२१सीयू चिपचे वायफायचे यूएसबी डोंगल आहेत. ६.१ मध्ये त्याचा ड्रायव्हर नव्हताच, बाहेरून आणून डीकेएमएसने, म्हणजे दर कर्नलसाठी ड्रायव्हर नव्याने बांधणाऱ्या साधनाने, बांधावा लागे. कर्नल बदलला आणि त्याच आवृत्तीची हेडर्स, म्हणजे बांधणीला लागणाऱ्या फाइल्स, नसली की मॉड्यूल, म्हणजे ड्रायव्हरची फाइल, बनत नाही, रीबूट केल्यावर वायफाय गायब. हेडर्स उतरवायला इंटरनेट पाहिजे, आणि ते येणार त्याच डोंगलमधून! मग मोबाइल केबलने जोडा, यूएसबी टेदरिंग करा, हे दरवेळी. ६.२ पासून हा ड्रायव्हर कर्नलमध्येच आला, त्यामुळे आता डोंगल खोचला की चालतो. मात्र जुनं डीकेएमएस मॉड्यूल आधी काढा, नाहीतर दोन ड्रायव्हर एकाच डोंगलसाठी भांडतात. रिअलटेकचं फर्मवेअर, म्हणजे चिपच्या आत चालणाऱ्या सॉफ्टवेअरचं, पॅकेजही लागतंच. यूएसबी उपकरणांची यादी देणाऱ्या 'एलएसयूएसबी' आदेशामध्ये डोंगलचा क्रमांक ०बीडीए:१ए२बी दिसला, तर तो अजून सीडी ड्राइव्हच्या सोंगात आहे, आत विंडोजचा ड्रायव्हर भरलेला असतो. यूएसबी-मोडस्विच बसवून डोंगल काढून परत लावा. जोडणी मधूनमधून तुटत असेल तर नेटवर्क मॅनेजरमध्ये वायफाय पॉवरसेव्हची किंमत २ ठेवा. इथे २ म्हणजे बंद.

प्रोसेसरचा वेळ वाटणारा २००७ पासूनचा सीएफएस जाऊन ६.६ मध्ये ईईव्हीडीएफ आला. मागे अपडेट उतरत असताना ब्राउझरमध्ये टाइप केलेली अक्षरं आता कमी अडखळतात. एवढंच. ६.१२ मधल्या रिअल-टाइमचा, म्हणजे ठरलेल्या वेळेतच काम उरकण्याच्या सोयीचा, गवगवा बराच झाला, पण तो कर्नल वेगळ्या पॅकेजमध्ये मिळतो आणि अभ्यासिकेत त्याचं काही काम नाही.

४ जीबीवाल्यांनी मात्र एमजीएलआरयू, म्हणजे रॅममधलं काय ठेवायचं नि काय काढायचं हे ठरवणारी पद्धत, चालू आहे का ते बघावं. सिस-कर्नल-एमएममधल्या 'एलआरयू_जेन' फोल्डरात 'इनेबल्ड' नावाची फाइल आहे. त्यात सगळे शून्य असतील तर बंद, शेवटी ७ असेल तर पूर्ण चालू. सोबत झेडरॅम लावा, तो रॅममधलाच मजकूर दाबून जागा करतो. दहा-बारा टॅब उघडल्यावर हार्डडिस्कची जी घरघर सुरू व्हायची, ती यानेच कमी झाली.

आता विजेचं. रब्बीच्या ओलितासाठी पंप सुरू झाले की व्होल्टेज पडतं, आणि लाईन तर कधीही जाते. ईएक्सटी४, म्हणजे डिस्कवर फाइल मांडायची पद्धत, जर्नल या बदलांच्या नोंदवहीमुळे पुढच्या बूटला सावरतो, तिथे तक्रार नाही. इन्व्हर्टर 'नॉर्मल'वर असेल तर 'यूपीएस' मोडवर करा, नाहीतर लाईन बदलताना मशीन रीबूट होतंच. पण धोका फक्त विजेचा नाही. डिसेंबर २०२३ मध्ये ६.१.६४ या दुरुस्तीच्या अपडेटनेच ईएक्सटी४ वरच्या डेटाला बिघाडाचा धोका तयार केला होता. नव्या कर्नलमधली दुरुस्ती जुन्या शाखेत आणली, पण तिला लागणारा आधीचा बदल सोबत आणायचा राहिला. डेबियनने १२.३ रोखलं आणि १० डिसेंबरला ६.१.६६ घेऊन थेट १२.४ दिलं. म्हणून इथे अपडेट आधी कोपऱ्यातल्या एका मशीनवर जातं, आठवडाभर चालू देतो, मग बाकीच्या पाचवर. जुना कर्नल ग्रबच्या, म्हणजे मशीन सुरू होताना दिसणाऱ्या, मेन्यूत तोवर राहू द्या.

तो ठेवायचा तर बूट विभागात, म्हणजे डिस्कच्या कर्नल ठेवायच्या भागात, जागा हवी, आणि इथेच दोन मशीन अडल्या. बूट विभाग वेगळा असेल तर डेबियन १३ ला तो निदान ७६८ एमबीचा आणि त्यात ३०० एमबीच्या आसपास मोकळं लागतं. जुन्या इन्स्टॉलमध्ये तो बऱ्याचदा लहान असतो. विभाग भरला की इनिट्रॅमएफएस, म्हणजे बूट होताना लागणाऱ्या ड्रायव्हरची फाइल, अर्धवट लिहिली जाते आणि पॅकेज बसवणारं एपीटी मध्येच थांबतं. दोनपेक्षा जास्त कर्नल असतील तर जादाचे पर्ज करा, म्हणजे पुरते काढून टाका, सध्या चालू असलेला कोणता ते 'युनेम -आर' आदेशाने आधी बघून. तरी भागलं नाही तर इनिट्रॅमएफएसच्या कॉन्फिग फाइलमध्ये मॉड्यूल्ससमोर 'मोस्ट' (बहुतेक सगळे ड्रायव्हर) ऐवजी 'डेप' (या मशीनला लागणारेच) लिहा. फाइल बरीच लहान होते, पण ती त्याच मशीनपुरती बनते. ती हार्डडिस्क दुसऱ्या मशीनला लावून बूट होईल असं धरून चालू नका.

३२ बिटवाल्यांनी या फंदात पडू नये. डेबियन १३ मध्ये त्यांच्यासाठी कर्नलही नाही, इन्स्टॉलरही नाही.