चार तासांचा ‘हॅम्लेट’, संहिता मांडीवर घेऊन

हौशी नाटकांना मी बरीच वर्षं प्रॉम्प्टिंग केलंय. विंगेत वही धरून बसायचं आणि नटाचा श्वास कुठे अडतोय ते ऐकायचं, हे काम. केनेथ ब्रॅनाचा १९९६ चा ‘हॅम्लेट’ही मी तसाच पाहिला, शेक्सपिअरचं मूळ नाटक मांडीवर उघडं ठेवून. लॉरेन्स ऑलिव्हिएने १९४८ च्या चित्रपटात रोझेनक्रँट्झ, गिल्डनस्टर्न आणि फोर्टिनब्रास या पात्रांना सरळ काढूनच टाकलं होतं. ब्रॅनाने काहीच कापलेलं नाही, त्यामुळे चित्रपट चार तासांच्या वर जातो.

चारशे वर्षांपूर्वीची इंग्रजी आपल्याला झेपेल का, ही धास्ती मलाही होती. वाचताना मी सारखी तळटिपांत अडकायचे. पडद्यावर निम्म्या तळटिपा लागल्याच नाहीत. वडिलांच्या भुताच्या मागे निघालेला हॅम्लेट मित्रांना बजावतो, मला जो ‘लेट’ (let) करेल त्याचंच भूत करीन. आजच्या ‘करू देणं’ या अर्थाने वाचलं तर उलटंच होतं, कारण तेव्हा या शब्दाचा अर्थ ‘अडवणं’ असाही होता. पण इथे दोघं त्याला मागे खेचतायत, तो झटापट करतोय. अर्थ विचारायला कोण थांबतं?

आणि एका बाबतीत तर आपण मराठी माणसं जन्मतःच तयार असतो. आईच्या महालातला प्रसंग नीट ऐका. गर्ट्रूड मुलाला ‘दाऊ’ म्हणते, म्हणजे तू: तू तुझ्या वडिलांना (म्हणजे सावत्र बापाला) फार दुखावलंस. हॅम्लेट तेच वाक्य तिच्यावर परतवतो, पण ‘यू’ वापरून: आई, तुम्ही माझ्या (म्हणजे वारलेल्या) वडिलांना फार दुखावलंत. लगेच तीही ‘यू’वर येते. रागावलेली आई लेकराला अचानक अहो-जाहो करायला लागते, ते हेच! आजच्या इंग्रजीत ‘यू’ एकच उरलंय, त्यामुळे तिथल्या प्रेक्षकाला हे समजावून सांगावं लागतं. माझ्या अंगावर काटा आला. त्यासाठी सबटायटल्स मूळ शब्दांचीच लावा. सोप्या भाषेतली लावलीत तर हा तू-तुम्हीचा खेळ दिसणारच नाही.

नाटकात आलेला एक फिरता नट ट्रॉयच्या पाडावाचं भाषण म्हणतो, त्याची भाषा शेक्सपिअरने मुद्दाम जुन्या वळणाची, फुगवलेली लिहिलीय. तिथे ब्रॅना ट्रॉयचा राजा प्रायम आणि राणी हेक्युबा प्रत्यक्ष दाखवतो: जॉन गिलगुड आणि ज्युडी डेंच, एकही वाक्य न बोलता. फार मोठी मदत झाली. मात्र हीच युक्ती हॅम्लेटची प्रेयसी ऑफेलिया हिच्या बाबतीत मला खटकली. हॅम्लेट आणि ती शय्येवर एकत्र दाखवल्यावर संहितेने जपलेली शंका संपते, आणि केट विन्स्लेटच्या चेहऱ्याला ती शंका छान पेलली असती.

सगळ्यात मोठी तक्रार आवाजाची. भुताच्या प्रसंगात जमीन फाटते, धूर निघतो, आणि त्या गदारोळात शब्द हरवतात. मध्यंतराआधी, बर्फातल्या स्वगताच्या वेळी संगीत इतकं चढतं की त्या ओळी मी वहीतच वाचल्या. याउलट डेरेक जेकोबीचा क्लॉडियस, म्हणजे हॅम्लेटचा काका आणि सावत्र बाप, पाहा. आवाज न चढवता बोलतो आणि प्रत्येक ओळीचा हेतू पोचवतो. प्रॉम्प्टरला असा नट भेटावा.

मध्यंतराला थांबा, उरलेला दुसऱ्या दिवशी पाहा. मी सलग बसले आणि रॉबिन विल्यम्सचा ऑस्रिक येईपर्यंत कान थकले होते. त्याच्या तोंडी दरबारी, नटवी भाषा आहे आणि हॅम्लेट तिची त्याच भाषेत खिल्ली उडवतो. तेवढा प्रवेश मी दुसऱ्या दिवशी सकाळी, ताज्या कानांनी परत लावला.