दत्तक बाळासाठी संस्था निवडताना: मोठ्या शहरातली की घराजवळची?

मूल दत्तक घ्यायचे ठरवलेली जोडपी पहिला प्रश्न बहुधा हाच विचारतात की, कोणत्या संस्थेकडून बाळ लवकर मिळते. 2015 पूर्वी या प्रश्नाला अर्थ होता. तेव्हा संस्थेत जाऊन नाव नोंदवावे लागे, प्रत्येक संस्थेची स्वतःची प्रतीक्षायादी असे आणि कोणते बाळ कोणत्या घरी द्यायचे हे संस्थाच ठरवीत असे. ऑगस्ट 2015 पासून केंद्रीय दत्तक संसाधन प्राधिकरणाच्या, म्हणजे ‘कारा’च्या, संकेतस्थळावर नोंदणी होते, देशभरातील पालकांची एकच रांग लागते आणि ज्येष्ठतेनुसार बाळाची माहिती पाठवली जाते. पुण्यातली संस्था निवडली म्हणून पुण्यातलेच बाळ मिळेल, किंवा एखाद्या नावाजलेल्या ठिकाणी ओळख आहे म्हणून रांग पुढे सरकेल, असे आता होत नाही.

मग संस्था निवडायची ती कशासाठी? नोंदणी करताना तुम्ही जी विशेष दत्तक संस्था निवडता, तिची समाजसेविका तुमच्या घरी येऊन गृह अध्ययन अहवाल तयार करते, आणि बाळ घरी आल्यानंतर दोन वर्षे दर सहा महिन्यांनी पाठपुरावा करण्याची जबाबदारीही नियमानुसार त्याच संस्थेची असते. बाळ कदाचित नागपूरच्या किंवा ओडिशातल्या संस्थेतून येईल. तुमच्या दारात पुन्हापुन्हा येणारी माणसे मात्र तुम्ही निवडलेल्या संस्थेची असतील. एवढी एक गोष्ट लक्षात घेतली की मोठी संस्था आणि लहान संस्था यांची तुलना वेगळ्याच मुद्द्यांवर करावी लागते.

मोठ्या शहरांतल्या जुन्या संस्थांचे बळ त्यांच्या अनुभवात आहे. महाराष्ट्रात या कामाची परंपरा फार जुनी आहे. पंढरपूरचा नवरंगे बालकाश्रम 1875 पासूनचा, तर पुण्यातील ससून रुग्णालयाशी जोडलेली ‘सोफोश’ 1964 पासूनची. अशा ठिकाणी दत्तक गेलेल्या मुलांची एक आख्खी पिढी मोठी होऊन, लग्ने करून, आपल्या मुलांना घेऊन भेटायला येते. त्यामुळे ‘मुलाला कधी आणि कसे सांगायचे’ या प्रश्नाचे उत्तर तिथे प्रत्यक्ष माणसांकडून मिळते. शहरातल्या संस्थांमध्ये पालकांचे मेळावे, समुपदेशनाची सत्रे, बालरोगतज्ज्ञांशी नियमित संपर्क या गोष्टी बहुधा असतात. उणी बाजू अंतराची आणि गर्दीची. भेटीची वेळ मिळायला दिवस लागतात, आणि तुम्ही दीडशे किलोमीटरवर राहत असाल तर त्या मेळाव्यांना तुम्ही वर्षातून किती वेळा जाल, हे प्रामाणिकपणे स्वतःला विचारावे.

जिल्ह्याच्या ठिकाणच्या लहान संस्थेत दहा-बारा बाळे, दोन-तीन पाळ्यांत काम करणाऱ्या मावशी आणि एखादीच समाजसेविका असते. आम्ही अशीच संस्था निवडली होती. गृहभेटीला आलेल्या ताई एसटीने आल्या आणि अडीच तास थांबल्या. आम्ही घर आवरून ठेवले होते, पण त्यांनी बैठकीच्या खोलीपेक्षा स्वयंपाकघरात जास्त वेळ घालवला. उत्पन्नाचे आणि वैद्यकीय तपासणीचे कागद त्यांनी दहा मिनिटांत पाहून बाजूला ठेवले आणि माझ्या सासूबाईंना विचारले, “शेजारणीने विचारलं, बाळ कुणासारखं दिसतं, तर तुम्ही काय सांगाल?” सासूबाई बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “आमच्यासारखंच हसतं, असं सांगीन.” त्या दिवसापर्यंत घरात हा विषय कुणी उघडपणे काढलाच नव्हता. गृह अध्ययन म्हणजे परीक्षा, ही आमची समजूत तिथे गळून पडली.

लहान संस्थेचा धोकाही आम्हाला सोसावा लागला. तिसऱ्या पाठपुराव्याच्या सुमारास त्या ताई नोकरी सोडून गेल्या. त्यांच्या जागी आलेल्या व्यक्तीने आमची फाइल वाचलेली नव्हती, आणि आमच्या मुलीसमोरच तिने “हिच्या आईबद्दल काही कळलं का?” असे विचारले. मुलगी तेव्हा जेमतेम दोन वर्षांची होती, तिला ते समजले नाही. पण मला तो प्रश्न अजून बोचतो. एकाच माणसावर चालणारी संस्था त्या माणसाइतकीच भक्कम असते. म्हणून कोणतीही संस्था पाहायला गेलात की तिथली समाजसेविका किती वर्षे काम करते आहे आणि ती रजेवर असेल तेव्हा काम कोण पाहते, हे दोन प्रश्न मी सर्वांत आधी विचारायला सांगते.

प्रतीक्षेचा हिशेबही या निवडीत धरावा लागतो. निरोगी तान्ह्या बाळासाठी सध्या तीन वर्षांहून अधिक काळ थांबावे लागते, आणि गृह अध्ययन अहवाल तीन वर्षेच ग्राह्य असतो. म्हणजे बाळ येण्यापूर्वी ती संस्था बहुधा दुसऱ्यांदा तुमच्या घरी येणार. या काळात फोन उचलणारे, ‘रांगेत तुमचा क्रमांक एवढा आहे, घाबरू नका’ असे सांगणारे कुणी असणे हा मोठाच आधार असतो. वयाची अटही इथेच पाहून घ्यावी. दोन वर्षांपर्यंतच्या बाळासाठी पतिपत्नींच्या वयांची बेरीज 85 पेक्षा जास्त चालत नाही, शिवाय लग्नाला किमान दोन वर्षे झालेली असावी लागतात. पती 45 आणि पत्नी 42 वर्षांची असेल, तर त्यांनी तान्ह्या बाळाची आशा न धरता दोन ते चार वर्षांच्या मुलाचा विचार करावा, हे जी संस्था पहिल्याच भेटीत स्पष्ट सांगते ती विश्वासाची.

पैशाच्या मुद्द्यावर तुलना करण्याचे कारणच नाही, कारण शुल्क सर्वत्र सारखे आहे. गृह अध्ययनासाठी 6,000 रुपये, बालसंगोपन निधीसाठी 50,000 रुपये आणि पाठपुराव्याच्या प्रत्येक भेटीचे 2,000 रुपये. याहून वेगळी, ‘ऐच्छिक’ म्हणून मागितलेली देणगी हे संस्था बदलण्यास पुरेसे कारण आहे.

काही जोडप्यांपुढे तिसराही रस्ता ठेवला जातो, तो म्हणजे एखाद्या प्रसूतिगृहातली ओळख, एखादा वकील, मुद्रांकावर लिहिलेले दत्तकपत्र आणि ‘आठवड्यात बाळ घरी’ हे आश्वासन. तीन वर्षे थांबलेल्या माणसाला हा मोह का होतो हे मी समजू शकते, तरीही हा रस्ता तुलनेत धरूच नये. बाल न्याय अधिनियम 2015 नुसार ठरलेली प्रक्रिया डावलून बाळ देणे-घेणे हा गुन्हा आहे आणि बाळाच्या खरेदी-विक्रीला पाच वर्षांपर्यंत सक्तमजुरी आहे. रुग्णालयातील माणसे गुंतलेली असतील तर ती सात वर्षांपर्यंत जाते. शिक्षेपेक्षाही मला भीती वाटते ती वेगळ्या गोष्टीची. अशा बाळाच्या जन्मदात्या आईला विचार बदलायला वेळच मिळालेला नसतो. कायदेशीर मार्गात मूल सोपवणाऱ्या आईला फेरविचारासाठी 60 दिवस दिले जातात, आणि ते संपल्यावरच बालकल्याण समिती बाळाला दत्तकासाठी मुक्त घोषित करते. तुमच्या घरी येणारे बाळ काही महिन्यांचे असते, त्याचे एक कारण हे आहे.

बाळाची माहिती आली की ते राखून ठेवायला 48 तास मिळतात. बाळ ज्या संस्थेत आहे ती तुम्ही निवडलेली नसते, पण तिचे कागद वाचायला तुमची संस्था मदत करू शकते, आणि इथे मोठ्या संस्थांची बाजू खरोखर वरचढ ठरते. वैद्यकीय अहवाल आपल्या बालरोगतज्ज्ञांना दाखवण्याची मुभा असते. जन्मवजन, डोक्याचा घेर आणि तो दर महिन्याला कसा वाढला हे पाहायला सांगावे. एचआयव्हीची प्रतिपिंड (अँटिबॉडी) चाचणी सकारात्मक दिसली तर लगेच खचून जाऊ नये. आईची प्रतिपिंडे बाळाच्या रक्तात 18 महिन्यांपर्यंत राहू शकतात, म्हणून थेट विषाणूच शोधणाऱ्या पीसीआर चाचणीचा निष्कर्ष मागावा. एकट्याने, रात्री अकरा वाजता, मोबाइलवर तो अहवाल वाचणाऱ्या जोडप्याला हे सांगणारे कुणी हवे असते.

दोन्ही संस्था हाताशी असतील तर माझे मत असे आहे. तुम्ही मुंबई-पुण्यात राहत असाल, किंवा घरातली वडीलधारी मंडळी अजून मनाने तयार नसतील, तर अनुभवी आणि पालकगट चालवणारी संस्था निवडा. तयार नसलेल्या आजी-आजोबांवर दुसऱ्या आजी-आजोबांच्या बोलण्याचा जितका परिणाम होतो तितका कुणाचाच होत नाही. तुम्ही जिल्ह्यात राहत असाल आणि तिथली समाजसेविका अनेक वर्षे टिकून असेल, तर तासाभराच्या अंतरावरची लहान संस्थाच घ्या, आणि शहरातल्या संस्थेच्या मेळाव्याला वर्षातून एकदा तरी पाहुणे म्हणून जाण्याची परवानगी मागा. इमारत, रंगवलेल्या भिंती, खेळण्यांची खोली यांवरून काहीही ठरवू नका. संस्थेत गेलात की एखादे बाळ रडू लागल्यावर किती वेळात कुणीतरी उचलून घेते, तेवढे पाहा.

बाळ आणायला जाल तेव्हा त्या संस्थेतल्या मावशींना भेटल्याशिवाय निघू नका. आम्हाला एका मावशींनी वहीच्या पानावर दुधाच्या वेळा लिहून दिल्या होत्या आणि खाली एक ओळ होती: “झोपताना उजव्या कानाशी हात लागतो तिला.” त्यांच्याकडून बाळाच्या अंगाखालची गोधडीही मागून घ्या, आणि निदान पहिला महिना ती धुऊ नका.