बी-२९ चं १:७२ किट: प्लास्टिक उत्तम, डेकल त्याच एका विमानाचे

बी-२९ या अमेरिकी बॉम्बफेक्या विमानाचं किट म्हटलं की डब्यावर बहुतेक हिरोशिमाचंच विमान. मी घेतलेल्या किटमध्ये डेकलही, म्हणजे मॉडेलवर चिकटवायची चिन्हं आणि आकडेही, त्याचेच निघाले. मला ते करायचंच नव्हतं. मला हवं होतं ४४-८७६५१, म्हणजे ५ ऑगस्ट १९५० च्या रात्री कॅलिफोर्नियातल्या फेअरफील्ड-सुईसन तळावरून ग्वामला निघालेलं विमान.

कोरियाचं युद्ध नुकतंच पेटलं होतं. विमानात २० माणसं आणि एक मार्क ४ अणुबॉम्ब. बॉम्बचा अणुगाभा त्यात नव्हता, पण सुमारे सव्वादोन टन स्फोटकं होती. चाकं जमीन सोडायच्या बेतात असताना दोन नंबरच्या, म्हणजे डावीकडच्या आतल्या इंजिनाचा प्रोपेलर बिघडला. वैमानिकाने तो फेदर करायला, म्हणजे वाऱ्याला अडथळा होऊ नये म्हणून त्याची पाती वाऱ्याच्या दिशेने फिरवायला सांगितलं. विमान उठलं, पण चाकं वर जाईनात. ओझरच्या विमान कारखान्यात नोकरीभर मिगच्या लँडिंग गिअरवर काम केल्यामुळे हे वाक्य मला सहज वाचता येत नाही. एक इंजिन बंद, पोटात पूर्ण भार, शिवाय खाली लोंबणाऱ्या चाकांचा अडथळा, चढणार कसं? समोर जमीन चढत गेलेली. उजवीकडून वळून तळाकडे परत येताना डावा पंख सावरेना. ट्रेलरमध्ये राहणाऱ्यांची वस्ती चुकवून विमान डाव्या पंखावर आदळलं, ताशी साधारण १९० किलोमीटर वेगाने.

आता किट. पंखांचा पसारा जवळजवळ ६० सेंटिमीटर. सांधे छान बसतात, पुट्टी फक्त पंखाच्या मुळाशी लागली. काचेचं नाक स्वच्छ आहे. मात्र पुढच्या केबिनला खुर्च्या, पॅनेल, सगळा थाट आणि मागच्या केबिनला नुसती एक भिंत. पुढून मागे जायला बॉम्बकक्षांवरून सरपटत जायचा बोगदा असतो, तो दिला आहे, पण तो उघडतो रिकाम्या खोलीत. त्या रात्री मागच्या केबिनमधले दहाही जण गेले. पुढचे दोघे गेले, त्यांतले एक ब्रिगेडियर जनरल रॉबर्ट ट्रॅव्हिस. मागच्या बसायच्या जागा मी जाड प्लास्टिकपट्टीतून कापून बसवल्या. खिडक्यांतून जेमतेम दिसतात, तरी बसवल्या.

प्रोपेलरची चारही पाती एकसंध ओतलेली आहेत. फेदर दाखवायचं तर प्रत्येक पातं कापून, वाऱ्याला धार दाखवेल असं फिरवून पुन्हा चिकटवावं लागतं. चाकं वर किंवा खाली, दोन्ही सोयी आहेत. माझ्यासाठी प्रश्नच नव्हता.

डेकलमध्ये अमेरिकी लष्करी विमानांवरचा १९४५ चा तारा आहे. जानेवारी १९४७ पासून त्याच्या दोन्ही बाजूंच्या पांढऱ्या पट्ट्यांत लाल रेघ आली. ती अर्ध्या मिलिमीटरची रेघ हाताने काढणं म्हणजे डोळ्यांची परीक्षा. लाल डेकल-पट्टी मिळाली तर ब्रशच्या वाटेला जाऊ नका. डब्यातला नागासाकीचा बॉम्ब मात्र चालून जातो, मार्क ४ चं पोट जवळपास तसंच अंड्यासारखं होतं. शेपटीचे पंख तेवढे बदलावे लागतात.

त्या रात्री बॉम्बमधली स्फोटकं विमान आपटल्यावर लगेच उडाली नव्हती. आग लागली, विझवणारे धावले आणि सुमारे वीस मिनिटांनी स्फोट झाला. जमिनीवरचे सात जण त्यात गेले, एकूण १९. बाहेर सांगितलं गेलं की प्रशिक्षणाचं उड्डाण होतं. तळाला त्याच वर्षी ट्रॅव्हिसचं नाव दिलं. मॉडेल कंपन्यांना या विमानासाठी त्याच्या नंबराचा एक डेकल छापायला काय हरकत आहे, कळत नाही.

मी घेतलं तेव्हा किंमत चार हजारांच्या पुढे होती. पहिलंच किट म्हणून घेऊ नका. दोन-चार छोटी विमानं झालेल्याला मजा येईल. नाकात वजन भरपूर घाला, नाहीतर शेपटीवर बसतं. सूचनापत्रकात सांगितलेलं वजन मला कमी पडलं, मी गळाला लावायचं शिसं जास्तीचं भरलं. आणि पंख चिकटवू नका, नुसते खोबणीत सरकवून ठेवा. घर बदलताना काढता येतात, आणि आपल्याकडच्या कपाटाच्या कप्प्यात ६० सेंटिमीटर एरवी मावत नाहीत.