शिकागोचा कत्तलखाना आणि सोलापूरचा खाटीक

दोन्ही शहरं उद्योगावर वाढली, पण मटणाची वाट वेगळी झाली. शिकागोत १८६५ ला युनियन स्टॉक यार्ड, म्हणजे जनावरांचा मोठा बाजार आणि त्याला लागून कत्तलखाने, सुरू झालं. रेल्वेनं जनावरं यायची, १८८० च्या सुमारास बर्फाच्या डब्यांतून मांस पूर्वेकडच्या शहरांत जाऊ लागलं. सोललेलं धड वरच्या रुळावरून पुढे सरकायचं, कामगार जागेवरच उभा, वाट्याला दिवसभर एकच काप. माल स्वस्त झाला, पण घाण इतकी की १९०६ ला तपासणीचा कायदा करावा लागला. १९७१ ला यार्ड बंद पडलं.

सोलापुरात १८७७ ला कापडाची गिरणी, आजची 'जुनी मिल', आली, शहर भोंग्यावर चालू लागलं, तरी मटण खाटकाच्या ओंडक्यावरच राहिलं. आजही रविवारी सकाळी मी रांगेत असतो. "मामा, मांडीचं द्या, दोन नळ्या टाका." समोर टांगलेला बकरा, सुऱ्याचा घाव, कलेजी वेगळी बांधलेली. घरात पाहुणे आहेत म्हटलं की किती घ्यायचं ते मामाच सांगतात.

पाकिटातलं मांस सलग थंड राहिलं तर स्वच्छ, हे खरंच. दुकानात माश्या बसतात. जाळी आणि भरपूर पाणी हवंच. पण काळ्या मसाल्याच्या रश्श्याला नि कडक भाकरीला मी ओंडक्यावरचं ताजं मटणच घेईन.