पांढऱ्या पाटीची भाड्याची गाडी

मेहुणीच्या साखरपुड्याला दोन दिवस गाडी हवी होती. कोथरूडच्या एका एजंटाकडून स्वतः चालवायची घेतली. रोजचे २,२०० रुपये, डिपॉझिट ८,०००, वर 'फुल इन्शुरन्स'चे म्हणून ४९९. लायसन्स ओरिजिनल ठेवून घेतलं. (ओरिजिनल कधीही देऊ नका. कधीही!)

गाडी दारात आली तेव्हाच कळायला हवं होतं. पाटी पांढरी होती. स्वतः चालवायच्या भाड्याच्या गाडीला काळ्या पाटीवर पिवळे आकडे असतात, मलाही माहीत होतं. आणि खरं सांगतो, मी खूश झालो. सासुरवाडीच्या दारात भाड्याची पाटी दिसणार नाही म्हणून! तो क्षण आठवला की अजून कानशिलं तापतात.

संध्याकाळी सहकारनगरात वळीव आला. गुलमोहराची फांदी थेट बॉनेटवर, पुढच्या काचेचा चुरा. झाडाखाली लावली, मान्य. पुण्यात बिनझाडाच्या गल्लीत पार्किंग मिळवून दाखवा.

एजंटाचा हिशेब: काच ९,५००, बॉनेट आणि रंग १४,०००, आठ दिवस गाडी उभी राहणार त्याचे १७,६००. डिपॉझिट वळतं करून ३३,१०० द्या. मग ते ४९९ कशाचे? "दादा, ते ॲक्सिडेंटसाठी. हा निसर्गाचा कोप."

साफ खोटं. कॉम्प्रिहेन्सिव्ह पॉलिसीत वादळ, गारपीट, पूर सगळं येतं. गोम अशी की खासगी गाडी भाड्याने दिलेली कळली तर कंपनी क्लेम नाकारते. म्हणून याने क्लेम केलाच नाही, त्याचा विमा म्हणजे मी. पॉलिसीची प्रत आधी मागा, "कव्हर आहे सर" या मेसेजवर जाऊ नका. आणि पाण्यात गाडी घालणार असाल तर इंजिनाचं कव्हर वेगळं घ्यावं लागतं, तेही विचारा.

चौकीत म्हणाले, "झाड पडलं, यात गुन्हा कोणाचा?" लायसन्स अडकवलंय म्हटलं तर, "तुम्हीच दिलंत ना?" पांढऱ्या पाटीची तक्रार घेऊन सरकारी कार्यालयात गेलो. आधी अर्ज, मग दुसरा मजला, मग साहेब मीटिंगमध्ये, मग जेवणाची सुट्टी. तीन रजा गेल्या. शेवटी एकाने विचारलं, "बेकायदा आहे माहीत होतं, तरी चालवलीत?" म्हणजे आरोपी मीच!

अकराव्या दिवशी पैसे भरले. रोज कामाला गाडी लागते, लायसन्सशिवाय किती दिवस काढणार? पावती मागितली तर त्याने अंगठ्याचं चित्र पाठवलं. ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ वर, तक्रार केलीय. तूर्तास हातात तक्रार क्रमांक आहे.

परवा नळस्टॉपच्या सिग्नलला तीच गाडी दिसली. काच नवी, बॉनेटवरचा पोचा जशाचा तसा. १४,००० रुपयांचा पोचा. पाटी अर्थातच पांढरी, आणि आत कुणीतरी फॅमिली घेऊन निघालेला.