रोटरी इंजिनाची गाडी घेताना कॉम्प्रेशनच्या आकड्यावर झालेली माझी फसवणूक

गेल्या मार्च महिन्यात मी कोल्हापुरातील जुन्या गाड्यांच्या एका विक्रेत्याकडून माझदा आरएक्स-८ ही रोटरी इंजिनाची गाडी साडेआठ लाख रुपयांना विकत घेतली, आणि पाचव्या दिवशी तिचे इंजिन आतून संपत आलेले आहे हे मला कळले. व्यवहाराच्या आधी विक्रेत्याने माझ्यासमोर कॉम्प्रेशन, म्हणजे इंजिन आतली हवा किती दाबते ते, गेजने (दाब दाखवणाऱ्या काट्याच्या तबकडीने) मोजले होते. गेजवरचा आकडा मी स्वतः वाचला होता आणि त्याचा फोटोही काढून ठेवला होता. तरीही फसवणूक कशी झाली आणि पुढे घरच्या अंगणात तीच चाचणी नीट केल्यावर काय दिसले, ते सविस्तर लिहीत आहे, कारण अशा गाड्या थोड्या असल्या तरी त्या एका हातातून दुसऱ्या हातात जात राहतात आणि पुढचा घेणाराही याच पद्धतीने अडकू शकतो.

शिवाजी उद्यमनगरात आमचे लेथचे छोटे वर्कशॉप आहे. वडिलांच्या काळात तिथे ऑइल इंजिनाचे सुटे भाग होत असत आणि हँडल मारताना हाताला जो दाब लागतो त्यावरून पिस्टनभोवतीच्या, दाब निसटू न देणाऱ्या रिंगा कितपत राहिल्या आहेत हे जुने मिस्त्री अचूक सांगत. त्यामुळे कॉम्प्रेशन हा विषय मला नवा नव्हता. रोटरी इंजिन मात्र मी त्याआधी कधी उघडलेले नव्हते. आपल्याकडे माझदा हे नाव स्वराज माझदाच्या ट्रक आणि बसगाड्यांमुळे माहीत आहे. आरएक्स-८ ही २००३ ते २०१२ या काळात तयार झालेली गाडी कंपनीने भारतात कधी विकलीच नाही. १९९१ साली ल माँच्या चोवीस तासांच्या शर्यतीत चार रोटरच्या इंजिनाची माझदा पहिली आली, तेव्हापासून या इंजिनाबद्दल माझ्या मनात ओढ होती. म्हणूनच इंग्लंडहून परतताना कोणी तरी सोबत आणलेली अशी गाडी आपल्याच गावात विक्रीला आहे असे कळल्यावर मी लगेच पाहायला गेलो. कागदपत्रे मी कसून तपासली आणि ती खरी निघाली.

पुढचे समजण्यासाठी या इंजिनाची रचना थोडक्यात सांगणे आवश्यक आहे. यात पिस्टन नसतात. फुगीर बाजूंचा त्रिकोणी रोटर एका लांबट घराच्या आत फिरतो आणि त्याच्या तीन बाजूंवर तीन स्वतंत्र कप्पे तयार होतात. रोटरच्या तीन टोकांवर ॲपेक्स सील नावाच्या धातूच्या पट्ट्या असतात, आणि पिस्टनच्या इंजिनात रिंगा जे काम करतात ते येथे या पट्ट्या, कडेच्या सील आणि कोपऱ्यांतील सील मिळून करतात. आरएक्स-८ मध्ये असे दोन रोटर असतात, म्हणजे एकूण सहा कप्पे. एका रोटरचे तिन्ही कप्पे आळीपाळीने त्याच दोन स्पार्क प्लगांसमोरून जातात, आणि माझी फसवणूक नेमकी या गोष्टीच्या आधारे झाली.

मी गेलो तेव्हा इंजिन गार होते. विक्रेत्याने प्लग काढून तिथे आपला गेज लावला, मुलाला सेल मारायला सांगितला आणि काटा ८.२ किलोवर (दर चौरस सेंटिमीटरला) जाऊन थांबला. "दादा, बघा, नव्या इंजिनाला साडेआठ असतंय. हे आठाच्या वर आहे," असे तो म्हणाला. नव्या इंजिनाचा आकडा त्याने खराच सांगितला होता. दुसऱ्या रोटरलाही तसेच आले. प्लग परत बसवून गाडी चालू केल्यावर मात्र सायलेन्सरमधून निळसर धूर इतका निघाला की समोरची भिंत काही वेळ दिसेनाशी झाली. मी विचारले तेव्हा तो म्हणाला, "रोटरी ऑइल खातंयच की. कंपनीनंच तसं केलंय." हेही खरेच आहे. सील कोरड्या राहू नयेत म्हणून या इंजिनात एक लहान पंप थोडे थोडे ऑइल मुद्दाम आत सोडतो. धूर पाच-सात मिनिटांत थांबला, आम्ही शिये फाट्यापर्यंत जाऊन आलो आणि गाडी सुरेख पळाली. संपूर्ण ट्रायलमध्ये त्याने इंजिन एकदाही बंद करू दिले नाही. मी परत आल्यावर किल्ली फिरवायला हात पुढे केला, तेव्हा "राहू दे चालू, परत एक फेरी मारायची असली तर" असे म्हणून त्याने मला थांबवले. त्या वेळी मला ते आतिथ्य वाटले.

चार दिवस गाडी रोज सकाळी एका सेलमध्ये चालू होत असे. पाचव्या दिवशी पन्हाळ्याला जाताना मी वाघबीळला चहासाठी थांबलो, दहा मिनिटांनी परत येऊन सेल मारला आणि इंजिन नुसतेच गरागरा फिरत राहिले. स्टार्टर जोरात होता, पेट्रोल होते, प्लगला ठिणगी होती, तरी गाडी लागेना. पाऊण तासाने इंजिन निवल्यावर ती जणू काही झालेच नाही अशी चालू झाली. गरम असताना चालू न होणे हे कमी कॉम्प्रेशनच्या रोटरी इंजिनाचे ठळक लक्षण आहे. इंजिन तापले की आतले ऑइल पातळ होते, झिजलेल्या सीलमधून दाब अधिक निसटतो आणि मिश्रण पेटण्याइतके दाबले जात नाही. विक्रेत्याने ट्रायलमध्ये इंजिन बंद का होऊ दिले नाही, याचा उलगडा मला वाघबीळच्या त्या टपरीसमोर झाला.

दुसऱ्या दिवशी मी आमच्या वर्कशॉपमधील आप्पांना सगळे सांगितले. आप्पा चाळीस वर्षे इंजिनांचे काम करत आहेत, पण रोटरी त्यांनीही कधी उघडलेले नाही. त्यांनी माझ्या फोनमधला गेजचा फोटो मोठा करून पाहिला आणि विचारले, "काटा थांबला होता, का हलत होता?" थांबला होता, असे मी सांगितले. "एका प्लगापुढनं तीन कप्पे जातात म्हणतोस, मग काटा तीनदा हलायला नको व्हय?" या एका प्रश्नात सगळे उत्तर होते.

पिस्टनच्या इंजिनासाठी वापरतात त्या साध्या गेजच्या नळीच्या टोकाला सायकलच्या ट्यूबला असते तशी व्हॉल्व्हची पिन असते. ती हवा आत घेते पण परत सोडत नाही, त्यामुळे काटा सर्वांत मोठ्या दाबावर अडकून राहतो. एका सिलिंडरला एकच पिस्टन असल्याने तिथे हे योग्यच आहे. रोटरीत मात्र तीनपैकी एक कप्पा चांगला आणि दोन फुटके असले, तरी हा गेज फक्त चांगल्याचाच दाब दाखवतो. रोटरीसाठी खास इलेक्ट्रॉनिक यंत्र मिळते. ते तिन्ही कप्प्यांचे दाब वेगळे दाखवते आणि इंजिन किती वेगाने फिरले तेही नोंदवते. ते नसेल तर साध्या गेजची पिन काढून टाकावी लागते. मग प्रत्येक कप्पा समोरून जाताना काटा एकदा उसळून खाली येतो आणि तीन ठोके वेगवेगळे पाहता येतात.

त्याच संध्याकाळी गाडी अर्धा तास चालवून, पूर्ण गरम करून मी घरी आणली. डाव्या बाजूने जॅकवर घेतली, खाली ठोकळे लावले आणि पुढचे डावे चाक काढले, कारण प्लगांपर्यंत हात तिकडून पोहोचतो. शाफ्टची स्थिती सांगणाऱ्या सेन्सरचा कनेक्टर सोडवला, म्हणजे पेट्रोल आणि ठिणगी दोन्ही बंद होतात. हे न करता सेल मारणे धोक्याचे आहे. बॅटरी पूर्ण चार्ज होती, तरी जोडीला वर्कशॉपमधील मोठी बॅटरी लावली. प्रत्येक रोटरचा एकच प्लग काढून तिथे गेज लावायचा आणि दुसरा बसलेलाच ठेवायचा. माझी बहीण सीटवर बसली होती. थ्रॉटल, म्हणजे इंजिनात हवा सोडणारी झडप, पूर्ण उघडा राहावा म्हणून ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबून ठेवायला तिला सांगितले, आणि मोबाइलवर स्लो मोशनमध्ये काट्याचा व्हिडिओ घेतला.

पुढच्या रोटरचे ठोके ६.४, ६.२ आणि ६.३ आले. मागच्या रोटरचे ६.५, ४.२ आणि ४.४. बहिणीने बाहेर येऊन व्हिडिओ पाहिला आणि म्हणाली, "दादा, हे लंगडत चाललंय." काटा अगदी तसाच दिसत होता: एक उंच उसळी, मग दोन ठेंगण्या, पुन्हा एक उंच.

या आकड्यांचा अर्थ लावताना सेल मारताना इंजिन किती वेगाने फिरते हे पाहणे फार महत्त्वाचे आहे. आरएक्स-८ साठी माझदाने दिलेले प्रमाण मिनिटाला २५० फेऱ्यांवरचे आहे: नव्या इंजिनाचे ८.५ किलो, किमान ६.९ किलो, एकाच रोटरच्या कप्प्यांत जास्तीत जास्त १.५ किलोचा फरक आणि दोन रोटरांत १ किलोचा. वेग वाढला की दाब वाढतो, म्हणून जोरदार स्टार्टर बसवून थकलेले इंजिनही बरे दाखवता येते. वेग मोजायला वेगळे यंत्र लागत नाही. रोटर एकदा फिरतो तेव्हा मुख्य शाफ्ट तीनदा फिरतो, त्यामुळे शाफ्टच्या प्रत्येक फेऱ्याला गेजवर एक ठोका पडतो. दहा सेकंदांत साधारण ४२ ठोके पडले तर वेग २५० आहे. माझ्या व्हिडिओत ४३ होते, म्हणजे वेगाची अडचण नव्हती. पिन काढलेला गेज खऱ्या दाबापेक्षा थोडा कमी दाखवतो, कारण काट्याला वर पोहोचायला पुरेसा वेळ मिळत नाही. म्हणून त्यावरचा नेमका आकडा धरून बसण्यापेक्षा तिन्ही ठोक्यांतील फरक पाहावा. माझ्या मागच्या रोटरमध्ये तो २.३ किलो होता. दोन कप्पे एकत्र पडलेले असले तर त्यांच्यामधली सामाईक ॲपेक्स सील गेलेली असण्याची शक्यता सर्वाधिक असते. एकच पडला असता तर संशय कडेच्या सीलवर गेला असता.

आता ८.२ हा आकडा कुठून आला, एवढेच राहिले होते. गेजमध्ये पिन परत बसवली तेव्हा मागच्या रोटरला ६.९ आले. मग प्लगच्या छिद्रातून दोन चमचे इंजिन ऑइल आत सोडले, सेल मारून दोन-चार फेरे दिले आणि पुन्हा मोजले. काटा ८.१ वर जाऊन थांबला. प्लग बसवून गाडी चालू केली तर तोच निळसर धूर, तितकाच दाट, आमच्या अंगणभर. ऑइलचा चमचा टाकून कॉम्प्रेशन वाढते का ते पाहणे ही रिंगा झिजल्या आहेत हे ओळखण्याची आमच्या धंद्यातील जुनी चाचणी आहे. इंजिनाचा आजार शोधण्यासाठी मिस्त्री जे करतात, तेच येथे आजार झाकण्यासाठी केले गेले होते. त्या दिवशी मी पोहोचण्याआधीच ऑइल आत गेलेले होते. जो प्लग त्याने माझ्यासमोर काढला, तो हातात घेऊन मी पाहिला असता तर तो ऑइलने निथळत असलेला मला दिसला असता.

मी व्हिडिओ घेऊन विक्रेत्याकडे गेलो. तो म्हणाला की कोल्हापूर उंचावर असल्याने येथे आकडे कमीच येतात. उंचीचा परिणाम होतो हे खरे आहे. आपले शहर समुद्रसपाटीपासून साधारण ५५० मीटरवर आहे आणि येथे हवेचा दाब सहा टक्क्यांच्या आसपास कमी असतो. तो हिशेब धरला तरी ६.९ ची किमान मर्यादा ६.५ पर्यंत खाली येते, ४.२ पर्यंत येत नाही. आणि उंचीचा परिणाम सहाही कप्प्यांवर सारखाच होतो, एका रोटरच्या दोनच कप्प्यांवर होत नाही. त्यानंतर त्याने पावतीवरील 'आहे त्या स्थितीत' हे शब्द दाखवले आणि बोलणे संपवले.

पुढच्या आठवड्यात एक एजंट ही गाडी अडीच लाखांना मागायला आला. त्यानेही कॉम्प्रेशन मोजले, पण स्वतःबरोबर आणलेली उतरत आलेली बॅटरी लावून. सहाही ठोके साडेतीन-चारच्या आत आले आणि "दोन्ही रोटर गेलेत" असे त्याने सांगून टाकले. मी ठोके मोजले, दहा सेकंदांत ते जेमतेम ३० होते, म्हणजे वेग १८०. विकणाऱ्याला आकडा वाढवून हवा असतो, घेणाऱ्याला कमी करून, आणि दोघांनाही तो हवा तसा काढता येतो. वेग आणि तिन्ही कप्प्यांचे वेगळे दाब एकत्र दिसत नसतील, तर अशा आकड्यावर विसार देऊ नये. चाचणी गरम इंजिनावर, पिन काढलेल्या आपल्या गेजने, सगळे प्लग स्वतः पाहून करावी. आणि तिच्याआधी इंजिन वीस मिनिटे चालवून, दहा मिनिटे बंद ठेवून, पुन्हा चालू करून पाहावे. विक्रेता यांतल्या कशालाही नकार देत असेल तर तिथून निघावे.

मी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आणि नंतर जिल्हा ग्राहक आयोगाकडे अर्ज दिला. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. अर्जासोबत गेजवरील ८.२ चा फोटो, मागच्या रोटरचा स्लो मोशन व्हिडिओ आणि ऑइल टाकण्याआधीच्या व नंतरच्या मोजणीचे सलग चित्रीकरण जोडले आहे. निकाल अजून लागायचा आहे. इंजिन तोवर उघडायचे नाही असे आप्पांनी बजावले आहे, म्हणून गाडी अंगणात ठोकळ्यांवरच उभी आहे आणि काढलेले प्लग मी ज्या दिवशी काढले त्या तारखेच्या चिठ्ठीसह डब्यात जपून ठेवले आहेत.