मार्शलटाऊन की कोलंबस? ऑफर घेण्याआधी हवामान नीट बघून घ्या

पुण्याकडून अमेरिकेच्या मिडवेस्टला येणाऱ्या इंजिनियर मंडळींपुढे ही दोन गावं हमखास येतात. व्हॉल्व्हच्या कामातले असाल तर आयोवातली मार्शल काउंटी (काउंटी म्हणजे आपल्याकडचा जिल्हा समजा), कारण इमर्सनचा फिशर कारखाना मार्शलटाऊनला आहे, आणि इंजिनवाले असाल तर इंडियानातली बार्थोलोम्यू काउंटी, म्हणजे कमिन्सचं कोलंबस (ओहायोचं कोलंबस वेगळं, तिकीट काढताना बघा). दोन्हीकडे मधे एक गाव आणि गाव संपलं की क्षितिजापर्यंत मका नि सोयाबीन, त्यामुळे लोकांना वाटतं हवामान पण एकच असेल. तसं अजिबात नाहीये आणि फॅमिली घेऊन येणार असाल तर या फरकाचा पगाराइतकाच विचार करा असं मी मनापासून सांगेन.

आधी थंडी, कारण सगळे तेच विचारतात. मार्शलटाऊन जवळपास तीन अंश उत्तरेला आहे. जानेवारीत तिथे दिवसाचं तापमान पण साधारण शून्याखालीच असतं आणि रात्री उणे 12 सेल्सिअसच्या आसपास जातं, कोलंबसला दिवसा शून्याच्या थोडं वर आणि रात्री उणे 6-7. पण खरा घोळ वाऱ्याचा आहे. आयोवात वाऱ्याला अडवायला काहीच नाही, शेतं रिकामी, झाडं तुरळक, आणि उत्तर-पश्चिमेकडून वारा सुटला की आकाश निरभ्र असताना पण खाली पडलेला बर्फ उडून रस्ता दिसेनासा होतो. जानेवारी 2019 च्या शेवटी पोलर व्होर्टेक्स, म्हणजे उत्तर ध्रुवाकडची अतिथंड हवा, खाली आला तेव्हा आयोवात बऱ्याच ठिकाणी वारा धरून जाणवणारी थंडी उणे 45 सेल्सिअसच्या आसपास गेली होती. अशा दिवशी उघडी कातडी पाच-दहा मिनिटात गोठते, शाळा बंद ठेवतात, आणि गाडीत ब्लँकेट, फावडं, जाड हातमोजे ठेवल्याशिवाय काउंटी रोडवर कुणी जात नाही.

हे वाचून लगेच कोलंबस फायनल करू नका. कोलंबसची थंडी कमी असली तरी तापमान शून्याच्या खालीवर होत राहतं, त्यामुळे सकाळी पाऊस, दुपारी चिखल, रात्री त्याचाच काचेसारखा बर्फ. मार्शलटाऊनला बर्फ जवळपास दुप्पट पडतो पण तो कोरडा असतो, फावड्याने सहज उचलला जातो आणि वर ऊन पडतं. कोलंबसला डिसेंबर-जानेवारीत दिवसचे दिवस आभाळ राखाडी असतं. त्यात इंडियानाचा हा भाग ईस्टर्न टाइमवर, घड्याळ आयोवाच्या एक तास पुढे, म्हणजे जानेवारीच्या सुरुवातीला सूर्य उगवतो आठच्या पुढे, मुलं स्कूल बसला मिट्ट काळोखात उभी. मार्शलटाऊनला उलटं, सकाळ लवकर होते पण डिसेंबरात पावणेपाचलाच अंधार, ऑफिसमधून बाहेर पडेपर्यंत रात्र झालेली. ज्यांना ऊन नसलं की उदास वाटतं त्यांनी हा मुद्दा अजिबात हलका घेऊ नये, माझ्या मते नुसत्या तापमानापेक्षा हा जास्त महत्त्वाचा.

आता वादळ आणि पूर, आणि इथे जरा थांबून वाचा. मार्शलटाऊनवर 19 जुलै 2018 ला ईएफ-3 टॉर्नेडो (शून्य ते पाचच्या मापात तीन नंबरचं चक्रीवादळ) आला, गावाच्या मधोमध गेला आणि कोर्टहाऊसच्या वरचा मनोरा खाली पडला, सुदैवाने जीव कुणाचा गेला नाही. गाव सावरतंय तोवर 10 ऑगस्ट 2020 ला डेरेचो, म्हणजे सरळ रेषेत शेकडो मैल धावणारं वादळ, ताशी शंभर मैलांच्या आसपास वारा, लाखो एकर उभा मका जमिनीला टेकला. कोलंबसला पण टॉर्नेडोचे सायरन वाजतात पण तिथे खरी भीती पाण्याची. फ्लॅटरॉक आणि ड्रिफ्टवुड या दोन नद्या गावापाशीच एकत्र येऊन ईस्ट फोर्क व्हाइट रिव्हर होते, आणि 7 जून 2008 ला तर हॉ क्रीक नावाचा एरवी बारीकसा ओढा इतका चढला की हॉस्पिटलमध्ये पाणी शिरून सगळे पेशंट हलवावे लागले आणि हॉस्पिटल काही महिने बंद होतं.

म्हणून घर बघताना दोन गावांत दोन वेगळे प्रश्न विचारायचे. आयोवात जमीन खोलवर गोठते म्हणून पाया साडेतीन फुटांच्या खाली न्यावाच लागतो, आणि एवढं खणलंच आहे तर बेसमेंट करून टाकतात, त्यामुळे वादळात लपायला जागा बहुतेक घरांत आपोआप मिळते. तिथे इन्शुरन्सचे कागद वाचा, वारा आणि गारांसाठी डिडक्टिबल, म्हणजे नुकसानीतला आपण आधी भरायचा वाटा, बऱ्याचदा वेगळं असतं. कोलंबसला बरीच घरं नुसत्या जमिनीवरच्या काँक्रीट स्लॅबवर किंवा क्रॉलस्पेसवर (खाली रांगण्यापुरतीच जागा) आहेत, बेसमेंट नाही, तर आडोशाला आतली बिनखिडकीची खोली कुठली ते विचारा, आणि पत्ता फ्लड मॅपवर टाकून बघा, कारण साध्या होम इन्शुरन्समध्ये पूर कव्हर होत नाही. भाड्याने राहणार असाल तरी हे बघाच.

उन्हाळ्यात फार फरक नाही, जुलैत दोन्हीकडे तिशीच्या आसपास आणि घामाघूम. फक्त आयोवात मका पानांतून इतकी वाफ सोडतो की जुलैच्या शेवटी काही दिवस मुंबईच्या मे महिन्यासारखे चिकट जातात.

परसात भाजी लावणाऱ्यांना कोलंबस बरं, कारण पाऊस जास्त आणि कडाका उशिरा येतो. भेंडी दोन्हीकडे मेच्या मध्यानंतरच जमिनीत टाकायची, आधी टाकली तर गार मातीत बी कुजतं, पण कोलंबसला ती ऑक्टोबरपर्यंत तोडता येते आणि मार्शलटाऊनला सप्टेंबरअखेर चादर टाकून झाकत बसावं लागतं. आणि ऑक्टोबरचा रंग बघायचा असेल तर कोलंबसच्या शेजारीच ब्राउन काउंटीचे डोंगर आहेत, तसं जंगल मार्शल काउंटीजवळ नाही.

माझं मत विचाराल तर लहान मुलं असतील किंवा आई-बाबा दरवर्षी येऊन राहणार असतील तर कोलंबस, ओढ्यापासून लांब घर बघून. दोघंच असाल, ऊन आवडत असेल आणि वाऱ्याची तयारी असेल तर मार्शलटाऊन बिनधास्त घ्या. आई-बाबांची तिकिटं मात्र कुठल्याही गावासाठी मेच्या मध्यानंतरची काढा आणि परतीचं ऑक्टोबर संपायच्या आतलं, नाहीतर ते बिचारे खिडकीत बसून महिने काढतील.